मूल्यांची कसोटी क्षेत्रकार्यात : यवतमाळ जिल्हा आणि समाजकार्याचे शिक्षण

समाजकार्य हा विषय महाविद्यालयात शिकवला जातो आणि त्याची पदवी घेऊन नोकरीही करता येते, हे आता महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक असले, तरी या शिक्षणात नेमके काय शिकवतात, याविषयी सुशिक्षितांच्याही मनात बराच गोंधळ असतो. विदर्भात हा गोंधळ अधिक आहे आणि त्याचे कारण सन्माननीय आहे. गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या, तुकडोजी महाराजांनी ग्रामसुधारणेचा विचार खेडोपाडी नेला, शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीत तपोवन उभे केले आणि बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन वसवले. यांपैकी कोणीही समाजकार्याची पदवी घेतलेली नव्हती. त्यामुळे लोकांचे दुःख दिसले की धावून जाणाऱ्याला आणखी शिकवायचे ते काय, असा प्रश्न या भागात सहज विचारला जातो आणि तो निर्बुद्धपणाचा नाही.

त्याचे उत्तर असे, की स्वयंस्फूर्तीने सेवा करणारी व्यक्ती आपल्या सद्सद्विवेकबुद्धीला जबाबदार असते, तर व्यावसायिक समाजकार्यकर्ता आपल्या विवेकाखेरीज आणखी तिघांना जबाबदार असतो : ज्याच्यासाठी काम करायचे त्या माणसाला, ज्या संस्थेने नेमले त्या संस्थेला आणि आपल्या व्यवसायाने मान्य केलेल्या मूल्यांना. या तिघांच्या मागण्या पुष्कळदा एकमेकींच्या आड येतात. तशा त्या आल्या असता काय करावे, याचा सराव हा समाजकार्याच्या शिक्षणाचा गाभा आहे, किंवा निदान तो असायला हवा.

या शिक्षणाचा इतिहास मुंबईत सुरू होतो. क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकी धर्मोपदेशकाने नागपाड्याच्या वस्तीत चालवलेल्या कामातून 1936 साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था निघाली आणि पुढे तीच टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. पुणे, नागपूर अशी वाटचाल करीत हे शिक्षण जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचले. यवतमाळ शहरात सावित्री जोतिराव समाजकार्य महाविद्यालय आहे आणि ते संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहे. महाराष्ट्रातील अनुदानित समाजकार्य महाविद्यालये उच्च शिक्षण विभागाऐवजी सामाजिक न्याय विभागाच्या अखत्यारीत येतात, ही बाब सर्वसामान्य वाचकाला क्वचितच माहीत असते. अभ्यासक्रम विद्यापीठाचा आणि अनुदान समाजकल्याणाचे, अशा दोन दारांमध्ये ही महाविद्यालये उभी असतात.

अभ्यासक्रमाचा सैद्धांतिक भाग इतर सामाजिक शास्त्रांसारखाच असतो. व्यक्तिसहाय्य कार्य म्हणजे एका माणसाच्या किंवा कुटुंबाच्या अडचणीत त्याच्यासोबत टप्प्याटप्प्याने काम करणे, गटकार्य म्हणजे समान प्रश्न असलेल्यांचा गट बांधून त्याच्या आधाराने बदल घडवणे आणि समुदाय संघटन म्हणजे वस्तीला किंवा गावाला आपला प्रश्न आपण हाताळण्याइतके समर्थ करणे. यांना समाजकल्याण प्रशासन, संशोधन आणि सामाजिक कृती यांची जोड मिळून या विद्याशाखेच्या सहा पद्धती होतात. तिला इतर शास्त्रांपासून वेगळे करणारा घटक मात्र क्षेत्रकार्य हा आहे. विद्यार्थी साधारणतः आठवड्यातील दोन दिवस एखाद्या संस्थेत, रुग्णालयात, वस्तीत किंवा खेड्यात प्रत्यक्ष काम करतो, त्याचा तपशीलवार अहवाल लिहितो आणि क्षेत्रकार्य मार्गदर्शक म्हणून नेमलेल्या प्राध्यापकासमोर बसून त्या अहवालावर चर्चा करतो. ग्रामीण शिबिर आणि अभ्यासाच्या शेवटी एखाद्या संस्थेत सलग काही आठवडे काम, असेही त्याचे भाग असतात.

मूल्ये शिकवली जातात ती आधी वर्गात. फेलिक्स बीस्टेक या अमेरिकी धर्मगुरू-प्राध्यापकाने 1957 मध्ये व्यक्तिसहाय्य कार्यातील नात्याची सात तत्त्वे मांडली आणि ती आजही भारतभर परीक्षेला येतात. माणूस जसा आहे तसा त्याचा स्वीकार करावा, त्याच्या वागण्याचा निवाडा करू नये, आपल्या आयुष्याचे निर्णय घेण्याचा त्याचा हक्क मानावा आणि त्याने विश्वासाने सांगितलेले गुप्त ठेवावे, ही त्यांतील चार तत्त्वे सर्वाधिक परिचित आहेत. ही तत्त्वे व्यक्तीला केंद्रस्थानी ठेवतात आणि जात, जमीन, कर्ज, जंगल यांच्या गुंत्यात अडकलेल्या समूहांविषयी फारसे बोलत नाहीत, अशी टीका भारतात झाली. 1997 मध्ये टाटा संस्थेतील समाजकार्य शिक्षकांच्या मंचाने भारतीय समाजकार्यकर्त्यांसाठी नीतिमूल्यांचा एक जाहीरनामा मांडला आणि त्यात वंचितांच्या बाजूने उभे राहण्याला मध्यवर्ती स्थान दिले. 2014 साली मेलबर्न येथे समाजकार्याची जागतिक व्याख्या नव्याने स्वीकारली गेली, तेव्हा सामाजिक न्याय, मानवी हक्क, सामूहिक जबाबदारी आणि विविधतेचा आदर ही तत्त्वे व्याख्येच्याच मजकुरात आली.

हे सर्व पाठ करून उत्तीर्ण होता येते. यवतमाळसारख्या जिल्ह्यात मात्र विद्यार्थी पहिल्या सत्रातच अशा घरांच्या उंबरठ्यावर जाऊन उभा राहतो, जिथे यांतले प्रत्येक तत्त्व दुसऱ्या कशाशी तरी झगडत असते.

सोळा तालुक्यांच्या आणि 2011 च्या जनगणनेनुसार पावणेअठ्ठावीस लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या या जिल्ह्याचे नाव बाहेरच्या जगाला शेतकरी आत्महत्यांमुळे माहीत झाले. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या शेतकरी कुटुंबाने 19 मार्च 1986 रोजी आयुष्य संपवले, त्या घटनेची आठवण म्हणून राज्यात अनेक जण दरवर्षी त्या दिवशी उपवास करतात. मुंबई उच्च न्यायालयापुढील जनहित याचिकेच्या संदर्भात टाटा समाजविज्ञान संस्थेने मार्च 2005 मध्ये राज्यातील शेतकरी आत्महत्यांच्या कारणांवर अहवाल सादर केला. 2006 च्या जुलैमध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली आणि त्यांत यवतमाळ होता. तेव्हापासून या जिल्ह्यातील आत्महत्याग्रस्त कुटुंबांच्या घरी पत्रकार, पुढारी, संशोधक, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते आणि समाजकार्याचे विद्यार्थी यांची जी रीघ लागली, ती अजून पुरती ओसरलेली नाही.

या रांगेतील विद्यार्थ्याची अडचण बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्याच्या हातात प्रश्नावली असते किंवा क्षेत्रकार्याची वही असते. समोरच्या बाईजवळ प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, बँकेचे पासबुक, सोसायटीची नोटीस, पंचनाम्याची प्रत आणि तहसील कार्यालयातून आलेले पत्र असे कागद असतात, आणि आलेला माणूस सरकारी आहे की नाही हे कळण्याआधीच ती पिशवी उघडली जाते. 23 जानेवारी 2006 च्या शासन निर्णयानुसार मृत शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते, तीपैकी तीस हजार रोख स्वरूपात आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपाने. परंतु ती मिळण्यासाठी नापिकी, राष्ट्रीयीकृत किंवा सहकारी बँकेचे अथवा परवानाधारक सावकाराचे कर्ज आणि परतफेडीचा तगादा यांचा पुरावा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे उभा राहावा लागतो. मक्त्याने दुसऱ्याचे वावर कसणारा भूमिहीन किंवा परवाना नसलेल्या सावकाराकडून पैसे उचललेला कास्तकार या चौकटीत बसत नाही, आणि त्याच्या घरी जे पत्र येते त्यावर ‘अपात्र’ असा शब्द असतो. कागदावर अपात्र ठरते ते प्रकरण. घरात मात्र मेलेला माणूसच अपात्र ठरल्यासारखा तो शब्द वाचला जातो.

अशा घरी आलेल्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘यातून काही भेटन का जी?’ असा. पुस्तकातील कोणतेही तत्त्व या प्रश्नाचे तयार उत्तर देत नाही. ‘बघतो, प्रयत्न करतो’ असे म्हणणे सौजन्याचे वाटते, पण त्या शब्दांवर ती बाई पुढचे सहा महिने तहसीलच्या चकरा मारू शकते. ‘यातून काहीही मिळणार नाही, हे माझ्या अभ्यासाचे काम आहे’ असे सांगणे कठोर वाटते, पण सचोटी या मूल्याचा अर्थ इथे तोच होतो. त्याच्या जोडीला, पत्रातील निर्णयाविरुद्ध दाद मागता येईल का, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज झाला आहे का, जमीन वारसाने पत्नीच्या नावावर चढली आहे का, हे पाहून निदान एक काम पूर्ण करून देणे हा भाग कौशल्याचा आहे. मूल्य आणि कौशल्य वेगळे शिकवले की दोन्ही निकामी होतात, हे या एका घरातही दिसून येते.

संशोधनाची बाब याहून गंभीर आहे. समाजकार्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला संशोधन प्रबंध लिहावा लागतो आणि यवतमाळात त्यासाठी हाताशी असलेला विषय कोणता, हे सांगण्याची गरज नाही. त्याच त्या बायांना तेच ते प्रश्न पुन्हा विचारले जातात. पती काय करीत असे, कर्ज किती होते, त्या दिवशी काय घडले. माहितीपूर्ण संमती म्हणजे अभ्यासाचा हेतू, त्यातून होणारा लाभ वा त्रास आणि नकार देण्याचा हक्क हे सर्व समजावून मिळवलेला होकार; पण गावच्या सरपंचाने किंवा ओळखीच्या शिक्षकाने आणून बसवलेल्या पाहुण्याला नकार देणे गावात कितपत शक्य असते, हा प्रश्न संमतिपत्रावरच्या अंगठ्याने सुटत नाही. नवे काही निष्पन्न होणार नसेल तर अशा घरी प्रश्नावली घेऊन जाऊच नये, असा निर्णय घेणारा प्राध्यापक मूल्यशिक्षणाचे सर्वांत मोठे काम करतो, मग त्याच्या विभागाची प्रबंधांची संख्या घटली तरी चालेल.

जिल्ह्याच्या दक्षिण आणि पूर्व भागात, केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांत, प्रश्नाचे स्वरूप बदलते. इथे कोलाम समाजाच्या वस्त्या आहेत आणि त्यांना पोड म्हणतात. महाराष्ट्रात कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या तीन जमातींना केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत गणले आहे. कोलामी ही द्रविड कुळातील भाषा असल्यामुळे मराठीतून आलेल्या विद्यार्थ्याला म्हाताऱ्या बायांशी बोलताना दुभाष्या लागतो, आणि हा दुभाष्या बहुधा पोडातलाच एखादा शाळकरी मुलगा किंवा अंगणवाडीशी संबंधित बाई असते. म्हणजे जे गुप्त ठेवायचे, ते ऐकणाऱ्याच्या कानी पडण्यापूर्वीच तिसऱ्याच्या कानी पडलेले असते.

या भागातील अविवाहित मातांचा प्रश्न वर्तमानपत्रांतून आणि विधिमंडळातून अनेक वर्षे गाजला. बाहेरून आलेले ठेकेदार, मजूर, व्यापारी यांच्याकडून फसवणूक झालेल्या, मुलाच्या बापाचे नाव सांगू न शकणाऱ्या किंवा न सांगणाऱ्या मुलींसाठी ‘कुमारी माता’ हे नाव रूढ झाले आणि त्यांच्यासाठी सर्वेक्षणे झाली, योजना आखल्या गेल्या. ही मदत आवश्यक होती, यात शंका नाही. पण मदत देण्यासाठी मोजावे लागते, मोजण्यासाठी ओळखावे लागते आणि पोडासारख्या थोड्या घरांच्या वस्तीत सरकारी गाडी एका ठरावीक दारापुढे थांबली की ओळख जाहीर होते. समाजकार्याच्या दृष्टीने इथे प्रश्न योजनेच्या हेतूचा नसून तिच्या पद्धतीचा आहे : याद्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागतात की नाही, बैठक सर्व स्त्रियांची घेतली जाते की फक्त त्या मुलींची, शिवणयंत्राचे वाटप छायाचित्रासह होते की त्याविना.

यात कायद्याची एक धार आहे आणि ती विद्यार्थ्याला वर्गातच दाखवून दिली पाहिजे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या 2012 च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलीवर असा अपराध झाल्याची माहिती ज्याला असेल, त्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हाही गुन्हा आहे. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट समाजकार्यकर्ता गुप्त ठेवू शकत नाही. गोपनीयता हे मूल्य इथे संपते का? ते संपत नाही, त्याला मर्यादा पडते. आणि ती मर्यादा मुलीने बोलायला सुरुवात करण्यापूर्वी तिला समजेल अशा भाषेत सांगणे, कळवावे लागलेच तर तिला सोबत घेऊन, बालकल्याण समितीच्या मार्फत आधाराची व्यवस्था करून कळवणे आणि तिचे नाव, गाव, छायाचित्र कुठेही उघड होऊ न देणे, हे त्या मूल्याचे प्रत्यक्षातले रूप आहे. आधी ऐकून घेऊन मग ‘आता मला सांगावे लागेल’ असे म्हणणारा कार्यकर्ता कायदा पाळतो, पण त्या पोडात पुढची अनेक वर्षे कोणी कोणत्याही समाजकार्यकर्त्याशी बोलत नाही.

निवाडा न करण्याचे तत्त्व किती अवघड असते, हे 2017 च्या पावसाळ्यात दिसले. कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात किमान वीस शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्ण यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल झाले. फवारणाऱ्यांनी तोंडाला रुमाल बांधला नाही, हातमोजे घातले नाहीत, औषधे मनाने मिसळली, असा सूर तेव्हा लगेच उमटला. शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक हे पद असते आणि रुग्णाच्या आजारामागची सामाजिक परिस्थिती समजून घेणे हे त्याचे काम असते. समाजकार्याची शिकवण घेतलेला माणूस त्या खाटेजवळ वेगळे प्रश्न विचारतो : त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढलेली असताना फवारा अंगावर येणार नाही तर कुठे जाईल, औषध कोणते मारायचे हे कृषी केंद्राच्या दुकानदाराने सांगितले की कृषी सहायकाने, दमट उकाड्यात रबरी हातमोजे घालून दिवसभर पंप पाठीवर वागवणे शक्य होते का, आणि रोजंदारीवर फवारणाऱ्या भूमिहीनाला ते देण्याची जबाबदारी कोणाची होती? व्यक्तीला तिच्या परिस्थितीसह पाहणे हे या व्यवसायाचे जुने सूत्र आहे. त्या पावसाळ्यात ते रुग्णालयाच्या कक्षांमध्ये जितके वापरले जायला हवे होते तितके वापरले गेले नाही.

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात सरकारी यंत्रणेने या शिक्षणाला काही प्रमाणात स्थान दिले आहे. 2015 पासून राज्याच्या आरोग्य विभागाने विदर्भ व मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत सुरू केलेल्या प्रेरणा प्रकल्पात आशा स्वयंसेविकांनी घरोघरी जाऊन नैराश्याची लक्षणे असलेल्यांना ओळखायचे आणि जिल्हा पातळीवर मानसोपचारतज्ज्ञाच्या जोडीला समाजकार्यकर्त्याने पाठपुरावा करायचा, अशी रचना होती. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आणि तिच्या उपचाराची व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली. पुढे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दलचे जुने कलम उरले नाही. गुन्हेगार म्हणून न पाहता त्रासलेला माणूस म्हणून पाहणे, हे समाजकार्याने फार पूर्वी मानलेले तत्त्व कायद्यात यायला इतका काळ लागला.

मूल्ये आचरणात का उतरत नाहीत, याचा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारण्याची रीत आहे आणि ती सोयीची आहे. प्रत्यक्षात कच्चा दुवा मार्गदर्शनाचा आहे. क्षेत्रकार्याच्या वहीत ‘कुटुंबाला धीर दिला व शासकीय योजनांची माहिती दिली’ असे वाक्य असते आणि त्याखाली सही होते. खरे मार्गदर्शन त्या वाक्यापाशी थांबते आणि विचारते, की कोणती योजना सांगितली, ती त्या घराला लागू होती का, त्या वेळी तिथे आणखी कोण बसले होते, उत्तरे बाई देत होती की तिचा दीर, आणि ती गप्प का होती. अशा एका वाक्यावर अर्धा तास बसण्याएवढा वेळ ज्या प्राध्यापकाला मिळतो, त्याचे विद्यार्थी निवाडा न करणे म्हणजे काय हे शिकतात. रिक्त पदांमुळे एकेका प्राध्यापकाकडे जास्त विद्यार्थी आले की पहिला बळी जातो तो याच अर्ध्या तासाचा.

पदवीनंतरची स्थितीही बोलकी आहे. बाल संरक्षण कक्ष, सखी केंद्र, समुपदेशन केंद्र, स्वयंसेवी संस्थांचे प्रकल्प अशा ठिकाणी समाजकार्याच्या पदवीधरांना मिळणाऱ्या बहुतांश जागा कंत्राटी असतात आणि दर वर्षी नूतनीकरणाची वाट पाहावी लागते. महिनाअखेर लाभार्थ्यांचा आकडा भरून पाठवायचा असतो. जो कर्मचारी पुढच्या मार्चमध्ये आपली नोकरी राहील की नाही या चिंतेत आहे, त्याने फुगवलेला आकडा देण्यास नकार द्यावा, ही अपेक्षा योग्य असली तरी तिची किंमत त्याला एकट्यालाच मोजावी लागते. डॉक्टर, वकील, परिचारिका यांच्या मागे वैधानिक परिषद असते. समाजकार्यकर्त्यांसाठी देशपातळीवर अशी परिषद अजून नाही. 2021 च्या आरोग्यसंलग्न व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातील समाजकार्यकर्त्यांची दखल घेतली, पण पोडात, तांड्यावर, कपाशीच्या वावरात काम करणारे त्याबाहेर राहिले. त्यामुळे मूल्य मोडले तर दाद मागायची कुठे आणि मूल्य पाळताना अडचण आली तर आधार मागायचा कोणाकडे, या दोन्ही प्रश्नांना आज एकच पत्ता आहे, तो म्हणजे महाविद्यालय.

म्हणून कायदा होईपर्यंत थांबण्यापेक्षा जिल्ह्यातच एक व्यवस्था उभी करणे शक्य आहे. यवतमाळात कोणत्याही विद्यार्थ्याने, संस्थेने किंवा बाहेरच्या विद्यापीठाने आत्महत्याग्रस्त कुटुंबांचे वा आदिवासी स्त्रियांचे नवे सर्वेक्षण करण्यापूर्वी एका स्थानिक नीतिमत्ता समितीची परवानगी घ्यावी. त्या समितीत प्राध्यापक व वकील असावेत, पण निम्म्या जागा अशाच घरांतील आणि पोडांतील स्त्रियांना द्याव्यात, त्यांना बैठकीचा भत्ता मिळावा आणि नकार देण्याचा अधिकार असावा. समाजकार्य महाविद्यालयांनी आणि अमरावती विद्यापीठाने ही समिती येत्या शैक्षणिक वर्षापासून नेमावी.